‘चालू झाले ना, मग झाले’ : एका राष्ट्रीय सवयीविरुद्ध

२० फेब्रुवारी २०२४ रोजी आयआयटी भिलाईचे कुटेलाभाठा येथील संकुल पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला समर्पित झाले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांमधील जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. त्याआधी, एप्रिल २०२३ मध्ये, ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मान्यता मिळाली होती. या बातम्या खऱ्या आहेत, आनंदाच्या आहेत, आणि त्यांचे स्वागत करण्यात काहीही गैर नाही.

पण या बातम्यांच्या सावलीत एक गोष्ट रोज घडते आणि तिची बातमी कधी होत नाही. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील क्वार्टर डोळ्यांसमोर आणावे. विज्ञानशाखेचा विद्यार्थी जगातील उत्तम नियतकालिकातला शोधनिबंध घरबसल्या उतरवून घेतो, छापण्याची आज्ञा देतो आणि पडद्यावर शब्द उमटतो : ‘ऑफलाइन’. प्रिंटर दहा फुटांवर आहे. त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे. कागद भरलेला आहे. मग सुरू होतो तो ठरलेला विधी. प्रिंटर बंद-चालू करायचा, संगणक बंद-चालू करायचा, राउटरची वायर काढून पुन्हा लावायची. तेवढ्याने भागले नाही तर फायरवॉल बंद करायची, प्रिंटर यादीतून काढून पुन्हा बसवायचा. तरीही जमले नाही तर सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या बाजारातून ‘कॉम्प्युटरवाल्या’ला बोलवायचे. तो येतो, काही कळा दाबतो, कधी सगळा संगणक फॉरमॅट करून टाकतो. कागद बाहेर येतो. ‘काय झाले होते?’ असे कोणी विचारलेच, तर उत्तर तयार असते : ‘चालू झाले ना, मग झाले!’

हे वाक्य निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात विज्ञानाच्या शिक्षणाविरुद्ध या देशात उच्चारले जाणारे ते सर्वात घातक वाक्य आहे. त्या वाक्याने ‘का’ हा प्रश्न बाद होतो. ज्या पिढीसमोर क्वांटम संगणकाची स्वप्ने मांडली जात आहेत, ती पिढी दहा फुटांवरच्या यंत्रापुढे मांत्रिकाकडे आलेल्या रुग्णासारखी उभी राहते, आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. तक्रार आहे ती या वावगे न वाटण्याविषयी.

आता ‘ऑफलाइन’ या शब्दाचा अर्थ शांतपणे पाहावा. लेख छापण्याची आज्ञा दिल्यावर ती थेट प्रिंटरकडे जात नाही. प्रथम ती स्पूलर नावाच्या, छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रणालीकडे जाते. ड्रायव्हर त्या मजकुराचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. मग ती आज्ञा एका ‘पोर्ट’मार्गे एका ठरावीक आयपी पत्त्यावर रवाना होते. राउटर तिला योग्य दिशेने वळवतो आणि अखेरीस प्रिंटर ती स्वीकारतो. म्हणजे साखळीत पाच-सहा कड्या आहेत, आणि प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासता येते.

घरगुती राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो कायमचा देत नाही, काही मुदतीपुरता भाड्याने देतो. वीज गेली आणि परत आली की सारी उपकरणे नव्याने पत्ता मागतात, आणि कधी कधी वाटप बदलते. काल प्रिंटरचा पत्ता पाच या अंकाने संपत होता, आज तो सातने संपतो. संगणकाच्या पोर्टमध्ये मात्र पाच हाच अंक लिहून ठेवलेला असतो. संगणक इमानेइतबारे जुन्या पत्त्यावर पत्र टाकत राहतो, उत्तर येत नाही, म्हणून तो ‘ऑफलाइन’ म्हणतो. कोणाचेही काही बिघडलेले नसते. घर बदलले आणि पोस्टाला कळवले नाही, एवढाच प्रकार असतो.

हे शोधायला किती वेळ लागतो? प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचा स्थितिदर्शक कागद छापावा. तो छापला गेला की शाई, कागद, यंत्र ही अर्धी साखळी एका फटक्यात निर्दोष ठरते. त्याच कागदावर प्रिंटरचा आजचा पत्ता लिहिलेला असतो. तो संगणकाच्या पोर्टमधील पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले की निदान पूर्ण झाले. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच्या मनाने एक घेतला आहे, असा त्याचा अर्थ. मग चौकशी राउटरच्या बाजूला करायची. पत्ते जुळत असतील तर तिसरा प्रश्न : दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात आहेत काय? की संगणक मुख्य वाय-फायवर आणि प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर? पाहुण्यांच्या जाळ्यातून घरातील इतर उपकरणे दिसू नयेत, याचसाठी ते जाळे बनवलेले असते. पत्त्याचाच दोष निघाला तर उपायही कायमचा आहे : राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा. पाच मिनिटांचे काम. फॉरमॅट करायला अर्धा दिवस जातो आणि पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तोच ‘ऑफलाइन’ उभा राहतो.

यात विज्ञान कोठे आहे, असे विचारणाऱ्याने एक बारकावा ध्यानात घ्यावा. पुष्कळ जण ‘पिंग’ करून पाहतात : जुन्या पत्त्यावर हाक मारली आणि उत्तर आले, म्हणजे जोडणी ठीक आहे, असा निष्कर्ष काढतात. पण पाच क्रमांकाचा पत्ता आता कोणा तिसऱ्यालाच, समजा घरातील मोबाइलला, मिळालेला असू शकतो. उत्तर मोबाइल देत असतो आणि प्रिंटर जिवंत असल्याचे समाधान मानले जाते. मापन खरे, निष्कर्ष चुकीचा. हा भेद ओळखायचा तर प्रिंटर बंद करून पुन्हा हाक मारावी लागते. तरीही उत्तर आले तर ते प्रिंटरचे नव्हते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत यालाच ‘कंट्रोल’ म्हणतात. हा धडा शिकवायला कोट्यवधींचे उपकरण लागत नाही.

‘बंद-चालू करणे’ या उपायाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तो अनेकदा लागू पडतो, आणि त्याला कारण आहे : अडकलेली रांग मोकळी होते, पत्ता नव्याने मागितला जातो, स्मृतीतील गोंधळ पुसला जातो. पण त्याच वेळी पुरावाही पुसला जातो. कोणत्या कडीत दोष होता ते आता कधीच कळणार नाही. शिवाय प्रिंटर, संगणक आणि राउटर हे तिन्ही एकदम बंद-चालू केले, तर त्यांतील कोणाच्या पुनर्जन्माने काम झाले हेही कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम शाळेच्या पुस्तकात ‘वैज्ञानिक पद्धती’ या शीर्षकाखाली छापलेला असतो, परीक्षेत दोन गुणांना विचारला जातो आणि घरी आल्यावर तीन स्विच एकदम दाबले जातात.

हे सारे क्षुद्र वाटणाऱ्या वाचकाने विज्ञानाचा अलीकडचा इतिहास आठवावा. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगगटाने जगाला चकित केले. सर्न येथून इटलीतील ग्रान सासोपर्यंतचे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनोंनी प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी कापल्याचे दिसत होते. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला तडा गेला की काय, अशी चर्चा जगभर झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये जी कारणे पुढे आली, त्यांत मुख्य होते एका ऑप्टिकल फायबर केबलचे सैल बसलेले टोक. कोणी नवा सिद्धान्त मांडून हे कोडे सोडवले नाही. साखळीतील एकेक कडी तपासणाऱ्यांनी ते सोडवले. ‘आकडा आला ना, मग झाले’ असे त्यांनी म्हटले असते तर भौतिकशास्त्राची किती वर्षे वाया गेली असती, याचा विचार करावा.

ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीची कथा तर थेट स्वयंपाकघरात येऊन पोहोचते. तेथे १९९८ पासून अधूनमधून काही चमत्कारिक क्षणिक स्पंद नोंदले जात होते. ते अवकाशातून आल्यासारखे भासत, पण दुर्बीण ज्या दिशेला रोखलेली असे तेथूनच ते येत नव्हते. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच कोणी त्याचे दार उघडले की तो स्पंद बाहेर पडे. पुरावा मिळाला तो वेगळ्या संग्राहकावर त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास दिसलेल्या लहरींमुळे. हीच ती वारंवारता, जिच्यावर बहुतेक घरगुती प्रिंटर वाय-फायने बोलतात. ‘दुपारी जेवण गरम करायच्या वेळीच प्रिंटर रुसतो’ अशी तक्रार ज्या घरात असेल, त्या घरात पार्क्सचाच प्रश्न लहान प्रमाणावर उभा आहे. तेथे कोणी घड्याळ लावून नोंद ठेवली तर त्याचे उत्तरही मिळेल. आणि १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथे पेन्झियस आणि विल्सन यांनी शिंगाच्या आकाराच्या अँटेनातील हटेना अशा खरखरीमागे लागून कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली. सगळे ज्ञात दोष वगळल्यावरही जी खरखर उरली, ती विश्वाच्या आरंभाची खूण ठरली आणि १९७८ चे नोबेल पारितोषिक घेऊन गेली. जे दोष वगळू शकतात त्यांनाच शोध लागतो. ज्यांनी खरखर ‘कशीतरी’ घालवली असती, त्यांच्या हाती काही लागले नसते.

येथवरचा मुद्दा ज्ञानाचा होता. पुढचा सुरक्षिततेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. घरातील दोन संगणकांमध्ये फाइली किंवा प्रिंटर वाटून घेण्याची सोय अचानक बंद पडली की विद्यार्थी इंटरनेटवर उपाय शोधतो, आणि त्याला पाककृतीसारख्या सूचना मिळतात : अमुक बंद करा, तमुक चालू करा, नोंदवहीत म्हणजे रजिस्ट्रीत या जागी शून्य लिहा. तो तसे करतो. चालू होते. पण जे बंद होते ते बिघडले म्हणून बंद होते, की कोणी मुद्दाम कुलूप लावले म्हणून? हा प्रश्न विचारलाच जात नाही.

उदाहरणे कल्पनेतील नाहीत. फाइल वाटपाचा ‘एसएमबी’ हा शिष्टाचार १९८० च्या दशकातला. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील छिद्राचा वापर करून १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ओलीस धरले आणि ब्रिटनमधील रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया खोळंबल्या. ते छिद्र बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. त्यानंतर विंडोजने ही पहिली आवृत्ती मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली. परिणामी जुनी उपकरणे ‘दिसेनाशी’ झाली, आणि आजही असंख्य ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो तीच आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा. चोर ज्या खिडकीतून आला ती खिडकी वारा येत नाही म्हणून उघडून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरची कथा याहून उद्‌बोधक आहे. संगणकावरील सर्वोच्च अधिकारांनिशी हा स्पूलर चालतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने, म्हणजे इराणच्या नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रे बिघडवणाऱ्या त्या सायबर-अस्त्राने, एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जी छिद्रे वापरली त्यांतले एक याच स्पूलरमधले होते. जुलै २०२१ मध्ये त्याच्यातच ‘प्रिंटनाइटमेअर’ हा नवा दोष गाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरक्षेचे नियम आणखी कडक झाले आणि जगभरच्या घरांत व कचेऱ्यांत वाटून घेतलेले प्रिंटर एकाएकी ‘११बी’ ही त्रुटी दाखवू लागले. प्रचलित उपाय होता : रजिस्ट्रीत एक शून्य लिहून ते नवे संरक्षण काढून टाकणे. प्रिंटर चालू झाला; दारही उघडे राहिले. प्रिंटर एका संगणकामार्फत वाटण्याऐवजी थेट जाळ्यावर जोडला असता तर प्रश्नच मिटला असता. पण त्यासाठी ‘ही त्रुटी का येते’ हे एकदा वाचावे लागले असते. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीने परवलीच्या शब्दाशिवाय होणारे पाहुण्यांचे वाटप आणि स्वाक्षरीविना होणारा व्यवहार नाकारायला सुरुवात केली, तेव्हा हेच नाट्य पुन्हा घडले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर नव्या आवृत्तीकडे गेलेल्या घरांत ते अजूनही घडत आहे.

भिलाईचे नाव येथे योगायोगाने आलेले नाही. हे गाव ‘चालू झाले ना’ या वृत्तीवर एक दिवसही टिकले नसते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले आणि भाताच्या शेतांच्या प्रदेशात पोलादाचे शहर उभे राहिले. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भातून आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी येथे आयुष्य काढले. येथे बनलेल्या रुळांवरून देशाच्या गाड्या धावतात. येथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. असा रूळ केवळ दिसायला सरळ आहे म्हणून मान्य होत नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी त्याच्या पोटातील तडे शोधले जातात. तडा सापडला तर तो का पडला, पोलादात हायड्रोजन उरला होता की लाटण्यात चूक झाली, याचा माग घेतला जातो. कारण ‘का’ न कळता दुरुस्त केलेला दोष पुढच्या रुळात परत येतो, आणि त्याची किंमत डब्यात बसलेली माणसे मोजतात. पाळीच्या नोंदवहीत बिघाडाची वेळ, लक्षण, कारण आणि केलेली कृती लिहिणारी माणसे या शहरात घरोघरी आहेत. त्यांची नातवंडे मात्र महाविद्यालयात जी वही लिहितात तिचे नाव ‘जर्नल’, आणि ती कशी लिहिली जाते हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे, म्हणून आधी उत्तर लिहायचे आणि मग उलटे गणित करून निरीक्षणे भरायची. मागच्या वर्षीच्या वहीतून आलेख उतरवायचा. सही मिळाली ना, मग झाले!

येथेच ही सवय जन्माला येते. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच माहीत आहे तो प्रयोग कोणालाही शोध घ्यायला शिकवत नाही. याउलट, घरातला रुसलेला प्रिंटर हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा एकमेव खरा प्रयोग असतो. त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते, परीक्षकालाही ठाऊक नसते, आणि निसर्गाप्रमाणेच तो कोणाची भीड धरत नाही. असा प्रयोग आयता समोर आला असताना तो दोनशे-तीनशे रुपये देऊन दुसऱ्याकडून उरकून घेतला जातो.

यामागे हातकामाची जुनी अप्रतिष्ठाही आहे. पदवी एका हाती आणि पाना दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी या समाजाने शतकानुशतके जपली. दुरुस्त करणारा खालचा आणि वापरणारा वरचा, ही उतरंड आयआयटीच्या प्रवेशद्वाराशी थांबलेली नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. मुंबईत १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता शिकले. त्यांनी यंत्र जुळवले, शाईचे प्रयोग केले, ठसे तयार केले. मराठी घरांत पोहोचलेले ते छापील पान ज्याला यंत्राचे पोट उघडून पाहण्याची लाज वाटत नव्हती, अशा माणसाने पोहोचवले. आज त्याच भाषेतील पदवीधर कागद अडकला की प्रिंटरचे मागचे झाकण कोठे उघडते ते विचारतो.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला : ‘प्रिंटर मुळातच वाईट बनवले जातात, दोष कंपन्यांचा आहे, ग्राहकाने का शिकावे?’ दोष कंपन्यांचा असतो, हे अनेकदा खरे आहे. पण तो त्यांच्या पदरात घालायचा तर आधी तो ओळखता आला पाहिजे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर वारंवार अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी भर घातली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संदेश जावा. नव्या प्रिंटरच्या प्रणालीचे मूळ स्वरूप मागितल्यावर गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार मिळाला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. दोष कोठे आहे हे त्यांना नेमके कळत होते, म्हणून त्यांची तक्रार चळवळ झाली. भारतातही ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू झाले. मात्र ज्याला ‘चालत नाही’ यापलीकडे काही सांगता येत नाही, त्याच्या हाती हा अधिकार कागदावरच राहतो.

दुसरा : ‘श्रमविभागणीच्या युगात शल्यविशारदाने स्वतःचा पंखा दुरुस्त करायचा काय?’ नाही. दुरुस्ती कोणीही करावी. निदानाची भाषा मात्र प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यावी. डॉक्टरकडे जाणारा रुग्ण स्वतः औषध बनवत नाही, पण ताप केव्हापासून आहे, किती आहे, कशाने उतरतो, हे सांगतो. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि भारतातील विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अनेक ठिकाणी उपाय दूरवरून करता येत नव्हता. एकेका संगणकासमोर बसून, तो सुरक्षित अवस्थेत चालू करून, दोषी फाइल काढावी लागली. त्या दिवशी विमाने उडाली ती ज्यांना हे काम उमजत होते त्यांच्या बळावर.

तिसरा आणि सर्वात ताजा : ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ताच सांगेल.’ सांगेल, पण विचारणाऱ्याने पुरवलेल्या निरीक्षणांवरच सांगेल. प्रिंटरवरचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, मोबाइलवरून छपाई होते की नाही, कालपासून आजपर्यंत काय बदलले, हे त्या यंत्राला दिसत नाही. ‘प्रिंटर चालत नाही’ एवढ्या प्रश्नाला ते दहा शक्यतांची यादी देईल, आणि निरीक्षणाची सवय नसलेला विद्यार्थी त्या दहाही गोष्टी एकाच वेळी करून पाहील. चालू होईल. का, ते पुन्हा कळणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे, आणि तिला ६,००० कोटी लागत नाहीत. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत दोषशोधनाचा एक प्रयोग सक्तीचा असावा. दोन जुने संगणक, एक राउटर, एक प्रिंटर आणि शिक्षकाने मुद्दाम घडवलेला एक बिघाड, एवढे साहित्य पुरे. दर आठवड्याला बिघाड वेगळा असावा, म्हणजे मागच्या वर्षीची वही निकामी ठरेल. यंत्र चालू झाले म्हणून गुण देऊ नयेत. काय पाहिले, काय ताडले, कोणती शक्यता कशामुळे वगळली, हे लिहिले असेल तर गुण द्यावेत. ज्याचे यंत्र चालू झाले नाही पण ज्याने दोष दोन कड्यांपर्यंत आणून ठेवला, त्याला ‘कसेतरी’ चालू करणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळावेत. हा शेवटचा नियम लागू करण्याची हिंमत ज्या विद्यापीठात असेल, त्या विद्यापीठात विज्ञान शिकवले जाते असे मानता येईल.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हे कर्तव्य भाषणांतून पुष्कळ वेळा आठवले जाते, पण ते पार पाडण्याची जागा प्रत्येक घरात आहे. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ हा शब्द दिसला की स्विचकडे हात नेण्याआधी कागदावर तीन ओळी लिहाव्यात : काय चालते, काय चालत नाही, आणि शेवटचे काय बदलले. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते चौथ्या ओळीत लिहावे. तो कागद राउटरजवळ चिकटवून ठेवावा. पुढचा बिघाड येईलच, आणि तेव्हा घरात कोणालातरी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देता येईल.